क्वार्टर रिकामे करण्याची तारीख कोणी ठरवायची?

नोकरीबरोबर मिळालेले घर नोकरी संपली की सोडावे लागते, याबद्दल सहसा कोणी वाद घालत नाही. पोलीस लाइनीतील खोली, रेल्वेचे क्वार्टर, साखर कारखान्याच्या वसाहतीतील दोन खोल्या, महापालिकेने सफाई कामगारांसाठी बांधलेल्या चाळी, हाउसिंग सोसायटीत पंपघराला लागून पहारेकऱ्याला दिलेली खोली, बंगल्यामागचे आउटहाउस, या सर्व ठिकाणचा ताबा सेवेपुरताच आहे हे नियुक्तिपत्रात नाही तर निदान बोलण्यात पहिल्याच दिवशी स्पष्ट झालेले असते. माझा आक्षेप या नियमाला नाही. ज्याला कामावरून काढण्याचा अधिकार आहे, त्याच्याच हाती माणसाने घर कधी सोडायचे हे ठरवण्याचा अधिकारही आपण जवळजवळ जसाच्या तसा सोपवला आहे, याला आहे. घर कोणाच्या मालकीचे हा एक प्रश्न झाला आणि त्यात राहणाऱ्या कुटुंबाने ते किती दिवसांत, कोणत्या अटींवर आणि कोणाच्या आदेशाने सोडायचे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मालकाच्या बाजूने असले म्हणून दुसऱ्याचेही तसेच असले पाहिजे असे नाही.

मुळात हे घर म्हणजे मालकाची मेहेरबानी नव्हे, तो पगाराचाच एक भाग आहे. क्वार्टर मिळाले की घरभाडे भत्ता बंद होतो, हे सरकारी नोकरीत कोणालाही ठाऊक असते. खासगी नोकरीत ‘राहण्याची सोय आहे’ असे म्हणून रोख पगार कमी ठरवला जातो. आयकर खात्याला याविषयी कधीच शंका नव्हती. मालकाच्या स्वतःच्या जागेत राहणाऱ्या खासगी नोकरदाराच्या बाबतीत, चाळीस लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरात, पगाराच्या दहा टक्के रक्कम हे त्या घराचे मूल्य धरून करपात्र उत्पन्नात मिळवायची, असा १ सप्टेंबर २०२३ पासूनचा नियम आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील वेतनाच्या व्याख्येतही राहत्या घराचे मूल्य स्पष्ट शब्दांत समाविष्ट होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी मात्र घराचे मूल्य वेतनाच्या व्याख्येतून वगळलेल्या बाबींत टाकले. वगळलेल्या बाबींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाली तर वरचा भाग वेतनात धरला जातो, ही सवलत त्यात आहे. पण तत्त्व बदलले ते बदललेच. कर लावताना जे घर उत्पन्न ठरते, तेच घर कामगाराला भरपाई मोजून देताना वेतन ठरत नाही, हा विसंवाद कोणत्याही युक्तिवादाने झाकता येण्यासारखा नाही.

घर हा पगाराचा भाग आहे हे मान्य केले की नोकरी जाण्याचा अर्थही बदलतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्याची नोकरी गेली तर त्याचा पगार थांबतो. पण घरमालकाशी असलेला त्याचा करार त्यामुळे तुटत नाही. दोन-तीन महिने उसनवारी करून, दागिने गहाण टाकून तो तग धरू शकतो आणि त्याच पत्त्यावरून दुसरे काम शोधू शकतो. क्वार्टरमध्ये राहणाऱ्याच्या हाती एकच कागद पडतो आणि त्या एका कागदाने पगार, छप्पर, मुलांची शाळा, शिधापत्रिकेवरचा पत्ता, जवळचा दवाखाना आणि उधार देणारा वाणी हे सगळे एकदम जाते. त्यातही काम शोधण्यासाठी ज्या वेळी डोके ठिकाणावर असायला हवे, नेमके त्याच वेळी ते खोली शोधण्यात गुंतलेले असते. म्हणून अशा माणसाला नोकरीत असतानाही तोंड उघडताना दहा वेळा विचार करावा लागतो. ओव्हरटाइमचे पैसे मागायचे की नाही, युनियनच्या सभेला जायचे की नाही, मुकादमाविरुद्ध तक्रार करायची की नाही, या प्रत्येक प्रश्नाच्या मागे खोलीचा प्रश्न उभा असतो. मालकाने धमकी दिलीच पाहिजे असे नाही. ती न देताही पोहोचते.

यातील सर्वांत जाचक भाग कायद्याच्या पुस्तकापेक्षा कार्यालयातील एका साध्या छापील कागदात आहे. त्याला ‘ना-देय प्रमाणपत्र’ म्हणतात. कामगारांच्या तोंडी तो ‘नो ड्यूज’ असतो. त्यावर वेगवेगळ्या विभागांच्या सह्यांसाठी रकाने असतात: भांडार, ग्रंथालय, पतपेढी, वीज आणि शेवटी वसाहत विभाग. वसाहत विभागाची सही हवी तर खोलीची किल्ली जमा करून ताबा पावती घ्यावी लागते. ती सही झाल्याशिवाय लेखा विभाग अंतिम हिशेब करत नाही आणि हिशेब झाल्याशिवाय ग्रॅच्युइटी व रजेचे पैसे निघत नाहीत. आता याच माणसाला बाहेर खोली घ्यायची आहे. मुंबई-ठाण्यात अकरा महिन्यांच्या करारासाठी आधी अनामत रक्कम मोजावी लागते, त्यावर दलालाची एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली आणि पहिल्या महिन्याचे भाडे. म्हणजे अनामत भरायला ग्रॅच्युइटी हवी, ग्रॅच्युइटीसाठी किल्ली जमा व्हायला हवी आणि किल्ली जमा करायला बाहेर खोली मिळायला हवी. या फेऱ्यातून सुटण्याचा मार्ग सावकाराच्या दारातून जातो. वीस-पंचवीस वर्षे एका ठिकाणी काम केलेल्या माणसाचा स्वतःचाच पैसा मालकाकडे असताना त्याने व्याजाने पैसे काढून मालकाची खोली रिकामी करून द्यायची, अशी ही व्यवस्था आहे.

वास्तविक ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून तीस दिवसांत दिली पाहिजे, असे १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात लिहिलेले होते आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती मुदत कायम आहे. सर्वोच्च न्यायालयाने मात्र या बाबतीत कामगाराला एका सुरात उत्तर दिलेले नाही. गोरखपूर विद्यापीठाच्या प्रकरणात २००१ साली न्यायालयाने निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी ही मालकाने वाटायची बक्षिसी नाही, असे ठणकावून सांगत क्वार्टरच्या वादासाठी ती अडवून धरण्यास नकार दिला होता. पुढे स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाच्या प्रकरणात, डिसेंबर २०२० मध्ये, मुदतीनंतर क्वार्टर न सोडणाऱ्याकडून दंडात्मक भाडे घेणे स्वाभाविक आहे आणि ते ग्रॅच्युइटीतून वळते करता येईल, असे त्याच न्यायालयाने म्हटले. दंडात्मक भाडे हे मूळ भाड्याच्या कितीतरी पट असते. ते ग्रॅच्युइटीतून वळते होऊ लागले की मुदतीनंतर काढलेल्या काही महिन्यांत आयुष्यभराच्या सेवेची पुंजी विरघळून जाऊ शकते. मुदत संपल्यावर राहणाऱ्याने योग्य भाडे द्यावे, हे मला मान्य आहे. पण ते भाडे किती असावे, मुदत मुळात पुरेशी होती का आणि तोपर्यंत मालकाने त्याचे देणे दिले होते का, हे तीन प्रश्न न सोडवता वळती करण्याची मुभा देणे म्हणजे एका पक्षाच्या हाती तराजू आणि वजने दोन्ही देणे होय.

फौजदारी बाजू तर आणखी विलक्षण आहे. कंपनीच्या घराचा ताबा न सोडणे हा १९५६ च्या कंपनी कायद्याच्या ६३० व्या कलमानुसार गुन्हा होता. ‘अधिकारी किंवा कर्मचारी’ या शब्दांत माजी कर्मचारीही येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली शिपिंग कॉर्पोरेशनच्या प्रकरणात ठरवले आणि १९९५ साली कॉक्स अँड किंग्जच्या प्रकरणात मृत कर्मचाऱ्याच्या कुटुंबीयांनाही त्या कलमाखाली आणले. २०१३ च्या कायद्यात हेच कलम ४५२ झाले. दंड किमान एक लाख ते कमाल पाच लाख रुपये आणि न्यायालयाने ठरवून दिलेल्या मुदतीत ताबा न दिल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. भाडे थकवणाऱ्या साध्या भाडेकरूवर दिवाणी दावा होतो. कंपनीत राबलेल्या माणसाची विधवा मात्र दंडाधिकाऱ्यापुढे आरोपी म्हणून उभी राहू शकते. अलीकडच्या दुरुस्तीने या कलमाला एक परंतुक जोडले आहे. कंपनीने त्या माणसाचे भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन, ग्रॅच्युइटी यांसारखे देणे किंवा मृत्यू-अपंगत्वाची भरपाई दिलेली नसेल, तर राहत्या घरासाठी त्याला तुरुंगात टाकता येणार नाही. आपल्या कायद्यात ‘आधी देणे, मग ताबा’ हे तत्त्व स्पष्ट शब्दांत आले आहे ते येथे आणि ते अतिशय मोलाचे आहे. पण त्याची व्याप्ती पाहा. ते फक्त कैदेपुरते आहे, दंडाला किंवा बेदखलीला लागू नाही; आणि ते फक्त कंपन्यांना लागू आहे. सहकारी साखर कारखाना ही कंपनी नव्हे. गाळप बंद पडलेल्या कारखान्याच्या वसाहतीत थकीत पगाराची वाट पाहत राहणाऱ्या कामगाराला या परंतुकाचा काडीचा उपयोग नाही.

सरकारी जागांसाठी १९७१ चा सार्वजनिक जागांवरील अनधिकृत भोगवटादारांच्या निष्कासनाचा केंद्रीय कायदा आहे. त्यात ज्या आस्थापनेची जागा, बहुधा तिचाच अधिकारी मिळकत अधिकारी म्हणून न्यायनिवाडा करतो. निवासी जागांसाठी २०१९ च्या दुरुस्तीने प्रक्रिया इतकी आखूड केली की कारणे दाखवायला तीन कामकाजाचे दिवस मिळतात. शिवाय केंद्र सरकारच्या निवासस्थानांच्या नियमांत निवृत्त होणाऱ्याला सहा महिने राहता येते आणि राजीनामा दिलेल्या किंवा बडतर्फ झालेल्याला एक महिना. निवृत्तीची तारीख माणसाला नोकरीला लागतानाच माहीत असते; तयारीला तीस वर्षे मिळालेली असतात, वर निवृत्तिवेतनही सुरू होणार असते. बडतर्फी अचानक येते, उत्पन्न शून्यावर येते आणि त्यालाच मुदत सर्वांत कमी. बडतर्फ माणूस दोषी आहे म्हणून असे असावे, असे कोणी म्हणेल. पण त्याच्या दोषाची शिक्षा बडतर्फी ही झालीच आहे. त्याच्या बायकोमुलांनी कोणता दोष केला? आणि ती बडतर्फी बेकायदा होती असे कामगार न्यायालयाने काही वर्षांनी ठरवले तर मागील पगार हिशेब करून देता येतो, मोडलेले घर आणि मुलांची बुडालेली शाळा देता येत नाही.

नोकरी न जातासुद्धा घर कसे जाऊ शकते, हे मुंबईने २०२२ साली कलिना येथील एअर इंडिया वसाहतीत पाहिले. विमान कंपनी २७ जानेवारी २०२२ रोजी टाटा समूहाकडे गेली आणि निर्गुंतवणुकीनंतर सहा महिन्यांत वसाहत रिकामी करायची, असे कर्मचाऱ्यांना कळवले गेले. कामगार तेच होते, काम तेच होते, मालक बदलला होता. उच्च न्यायालयाने कर्मचारी संघटनांना मूळ मुद्द्यावर दिलासा दिला नाही. घरे सेवेच्या अटींचा भाग होती की केवळ सवलत होती, हा प्रश्न तेथे पणाला लागला होता आणि ‘सवलत’ या एका शब्दाने कामगारांची बाजू लंगडी झाली.

आता दुसऱ्या बाजूचा सर्वांत जोरकस मुद्दा घेऊ, कारण तो खरा आहे. क्वार्टर रिकामे झाले नाही तर नव्या माणसाला मिळत नाही. पोलीस दलात भरती झालेला शिपाई बदलापूर किंवा विरारहून रात्रपाळीला येतो, कारण लाइनीतील खोलीत दहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्याचे कुटुंब राहते. रुग्णालयाच्या आवारात परिचारिकेला खोली मिळाली नाही तर त्याचा फटका रुग्णाला बसतो. म्हणून ‘राहतो त्याची खोली’ हे सरसकट तत्त्व मला मान्य नाही. बीडीडी चाळींत जे झाले त्याकडेही मी याच नजरेने पाहतो. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील या चाळींतील सुमारे सव्वादोन हजार खोल्या पोलिसांच्या सेवानिवासस्थानांच्या होत्या. निवृत्तांची कुटुंबे तेथेच राहिली, नोटिसा निघत राहिल्या, प्रत्यक्षात कोणी कोणाला काढले नाही. शेवटी पुनर्विकास आला तेव्हा १ जानेवारी २०११ पर्यंत तेथे राहत असलेल्या पोलीस कुटुंबांना ५०० चौरस फुटांची मालकीची घरे द्यायचे ठरले. किंमत आधी ५० लाख, मग २५ लाख आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये १५ लाख रुपये झाली. त्या कुटुंबांचे भले झाले याचा आनंदच आहे. पण ज्या पोलिसाने नियमाप्रमाणे लाइनीतील खोली वेळेवर सोडली त्याला काही मिळाले नाही, दुसऱ्या लाइनीतील निवृत्तालाही नाही. हक्क नसला की माणसे चिकटून राहतात आणि राजकीय पाठबळ असेल त्यांचेच फावते. खात्रीची मुदत आणि वेळेवर पैसे मिळाले असते तर त्यातील बऱ्याच जणांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वीच खोल्या सोडल्या असत्या, असे मला वाटते. मुदतीचा हक्क ही नव्या शिपायाच्या विरोधातील गोष्ट नाही. त्याची खोली लवकर मोकळी होण्याचा तो मार्ग आहे.

या विषयाची सर्वांत अप्रिय बाजू मुंबईच्या सफाई कामगारांच्या वसाहतींत दिसते. सफाई कामगार निवृत्त झाला, मरण पावला किंवा कामाला अपात्र ठरला तर लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार त्याच्या वारसाला त्याच कामावर घेतले जाते. ही तरतूद कामगारांनी लढून टिकवली आणि उपाशी राहण्यापेक्षा ती बरी, यात शंका नाही. मात्र त्या तरतुदीला खोली जोडली की काय होते ते पाहावे. वडील निवृत्त झाल्यावर पालिकेची खोली टिकवायची असेल तर घरातील कोणीतरी पालिकेत सफाईच्या कामावर असले पाहिजे. बारावी झालेला, कधी पदवीही घेतलेला मुलगा आईच्या डोक्यावरचे छप्पर जाऊ नये म्हणून झाडू हाती घेतो. जातीने ठरवून दिलेले काम पिढ्यान्‌पिढ्या चालू राहण्यामागे समाजाची घृणा आहेच. पण त्यात आता एका प्रशासकीय नियमाचीही भर पडली आहे आणि तो नियम रद्द करायला समाज बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. राज्य सरकारची डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रमसाफल्य आवास योजना पंचवीस वर्षे सेवा झालेल्या किंवा सेवेत असताना मरण पावलेल्या सफाई कामगाराच्या कुटुंबाला मालकीचे घर देण्यासाठी आहे. ती योजना पूर्ण राबवली तर पुढच्या पिढीला घर आणि काम यांची फारकत करता येईल. सफाईच्या बाबतीत मी मुदतीवर थांबत नाही, मालकी मागतो. कारण येथे घराने माणसाला जातीच्या कामाशी बांधले आहे.

असे काही करणे महाराष्ट्राला नवे नाही. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या. त्यानंतर गिरण्यांच्या जमिनींच्या विकासासाठी विकास नियंत्रण नियमावलीत जो ५८ वा नियम आला, त्याच्या २००१ च्या स्वरूपात गिरणीच्या आवारातील चाळींत १ जानेवारी २००० रोजी राहणाऱ्यांना, पुनर्विकास झाल्यास, २२५ चौरस फुटांचे पर्यायी घर विनामूल्य देण्याचे बंधन मालकावर घातले गेले. त्या रहिवाशांची नोकरी कधीच संपली होती. जागा गिरणीची होती, भोगवटा सेवेपुरता होता, तरीही राज्याने त्या भोगवट्याला मोल दिले. गिरणगावातील इतर कामगार म्हाडाच्या सोडतीची वाट पाहत बसले ही वेगळी कहाणी. पण सेवेबरोबर ताब्यातील सगळे हक्क आपोआप विरतात, हे तत्त्व राज्यानेच तेव्हा नाकारले होते.

तेव्हा मागणी काय आहे, ते नेमके सांगतो. सेवानिवासस्थान सोडण्याची किमान मुदत कायद्याने ठरावी. ती सेवेच्या वर्षांनुसार वाढावी, पण अचानक नोकरी गेलेल्याला निवृत्त होणाऱ्यापेक्षा कमी कधीच नसावी. या मुदतीत नेहमीचेच भाडे लागावे आणि ती शालेय वर्षाच्या मध्ये संपत असेल तर परीक्षेपर्यंत लांबावी. मालकाने ग्रॅच्युइटी व इतर देणी बँकेत जमा केल्याची पावती दाखवल्याशिवाय मुदतीची गणना सुरूच होऊ नये, म्हणजे ‘नो ड्यूज’चा फेरा उलटा फिरेल. बडतर्फीचा वाद कामगार न्यायालयात असेल तर ताब्याचा निर्णय त्याच न्यायालयाने अंतरिम आदेशाने द्यावा, मालकाच्या वसाहत विभागाने नव्हे. सोसायटीतील पहारेकरी आणि घरकामगार यांच्या बाबतीत मालक लहान असतो आणि महिनोन्‌महिने खोली अडवणे त्यालाही परवडत नाही. तेथे मुदत कमी ठेवून बाहेरच्या खोलीच्या अनामतीइतकी रक्कम रोख देण्याचा पर्याय असावा.

यातील बराचसा भाग दिल्लीची वाट न पाहता करता येईल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या २२ व्या कलमात मालक आणि कर्मचारी यांच्यातील सेवाभाडेकरार, नोकरी संपल्यावरचा ताबा आणि त्यासाठीचा सक्षम प्राधिकारी यांची तरतूद आधीपासून आहे. आज ते कलम मालकाला झटपट ताबा मिळवून देण्यासाठी लिहिलेले आहे. त्याच कलमात मुदतीची, देणी चुकती केल्याच्या पुराव्याची आणि प्रलंबित वादाची अशी तीन पोटकलमे घालणे हे विधिमंडळाच्या अखत्यारीतील काम आहे. आणि पालिकेच्या सफाई खात्यातील खोल्यांसाठी तर कायदादुरुस्तीचीही गरज नाही. वाटपाच्या नियमांतील वारसाच्या नोकरीची अट काढणारे एक परिपत्रक पुरेसे आहे.